सख्ख्या भावाला रीतसर काढणे

माझ्या आत्याला सगळे सोफेवाली म्हणतात. तिचं खरं नाव विचारलंत तर अर्धी गल्ली डोकं खाजवेल, पण "सोफेवाली कुठं राहते?" म्हणा, माणसं कामं टाकून दारापर्यंत सोडायला येतात. पोट सुटलेले सोफे, लंगड्या खुर्च्या, स्प्रिंगा बाहेर आलेले दिवाण, सगळं तिच्याकडे येतं आणि ताठ होऊन परत जातं. तोंडात खिळे, हातात हातोडी. तिच्यासमोर कुणी खुर्चीत बसलं की ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही, तो कुठं रुततोय ते बघते. मी तिची भाची, तिच्याच हाताखाली शिकलेली. शिवण माझ्याकडे, ठोकाठोक तिच्याकडे आणि आरडाओरडा दोघींकडे.

ही बाई कुणाच्या बापाला भीत नाही. एकदा एक गिऱ्हाईक नव्या कापडावरून फार चढ्या आवाजात बोलायला लागलं, तर हिनं हमालांना हाक मारली आणि तो बसलेला असतानाच सोफा उचलून रस्त्यात ठेवायला लावला. एवढी खमकी बाई! पण धाकट्या भावासमोर तिची जीभ टाळ्याला चिकटते. त्याला "जा" म्हणायचं तिला कधी जमलंच नाही. तो धाकटा भाऊ म्हणजे माझा काका. मला राग आला की मी खरं तेच बोलते, आणि काकाचा विषय निघाला की मला राग येतो, तेव्हा आता ऐका.

काका बारा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी आला. काकू त्याला सोडून गेली होती. ती का गेली असं लोक विचारतात. मी म्हणते, इतकी वर्षं राहिली कशी ते विचारा. आला तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला आणि आडवाच राहिला. गल्लीत त्याचं नाव पडलं 'पाहुणे'. "काय पाहुणे, निघणार कधी?" असं कुणी विचारलं की हा हसून म्हणणार, "उद्या." खोटं बोलतोय असंही नाही हो. म्हणताना त्याला स्वतःला ते अगदी खरं वाटत असतं.

घर आत्याचं, तिच्या कष्टाचं, दोनच खोल्यांचं. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि आत्याची खाट. बाहेरची खोली मोठी, उजेडाची, रस्त्याला लागून, आणि ती भरली होती काकाच्या धंद्यांनी. एका कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन, ज्यातून प्रत्येक कागद काळा कुळकुळीत होऊन येई. दुसऱ्या कोपऱ्यात माशांच्या काचेच्या टाक्या, मासे कधीच देवाघरी गेलेले. सरबत ढवळायचं यंत्र. भाड्यानं द्यायला आणलेली व्यायामाची सायकल, जिच्यावर त्याचे शर्ट वाळत. काही टाकून दे म्हटलं की म्हणे, "थांब गं, दिवस पालटतात."

आणि हो, आमचा तयार झालेला प्रत्येक सोफा त्याच खोलीत येई. आमचं काम चाले समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर भाड्याच्या जागेत. सोफा झाला की हमाल तो खाली उतरवून काकाच्या खोलीत ठेवत, गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत. तेवढ्यात काका त्याच्यावर झोपून उठलेला असे. डोळे चोळत म्हणे, "ताई, डावीकडून तिसरी स्प्रिंग जरा वर आलीय." आत्या त्याच्यावर खेकसे, "तुला कुणी विचारलं?" आणि मग कापड उसवून ती स्प्रिंग दाबून बांधे. आम्ही ह्याला काम वगैरे समजत नव्हतो. आमच्या लेखी ते लोळणं होतं.

मग आत्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी साफ सांगितलं, जिना बंद. म्हणजे कामाची जागा बंद. आता एकच मार्ग, काम घरातल्या बाहेरच्या खोलीत आणायचं. नाहीतर हातोडी ठेवायची खाली. आत्याला गाणं येत नाही, वाचनाचा कंटाळा, टीव्ही लावला की पाचव्या मिनिटाला घोरते. "काम गेलं तर मी करू काय गं?" तिनं मला विचारलं, "भिंतीकडे बघत बसू?" हे विचारताना तिचे डोळे भरले होते. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी म्हटलं, काकाला काढायचा, बस्स.

बोलणं सोपं असतं. पहिल्यांदा सांगून पाहिलं, तो "उद्या" म्हणाला. दुसऱ्यांदा मी त्याची बॅग भरून दाराबाहेर ठेवली. हा गेला आणि बॅगेवर बसला, निवांत, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, त्याला चहा नेऊन दे. मग म्हणाली, ऊन लागतंय त्याला, छत्री दे. मग म्हणाली, लोक बघतायत, शोभतं का हे, त्याला आत बोलाव आणि मग काय ते बोलू. आत आला आणि झोपला.

तिसऱ्यांदा मी कंबर कसली. त्याच्यासाठी एक भाड्याची खोली शोधली, सामानासकट नेऊन सोडला. घरी येऊन हुश्श करते तोवर दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गायब! गुडघे चोळत, बस बदलून ही बाई भावाच्या खोलीवर गेली होती, फक्त गादी बघायला. गादीवर एक बुक्की मारली, कान लावून ऐकलं आणि खोलीवाल्याला म्हणाली, "ह्याच्यावर माणूस झोपतो? ही गादी आहे की बटाट्याचं पोतं?" आणि आली भावाला परत घेऊन. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यानंतर बहीणभावाचं जे भांडण झालं, त्याला तोड नाही. माझे वडील ह्या दोघांच्या मधले. भांडण सुरू झालं की ते चष्मा पुसायला घेतात, तसा त्यांनी घेतला. बोलता बोलता काका तणतणला, "एवढा जड झालो असेन तर कायद्यानं काढ मला!" कुणीही बोलून जातं असं रागात. पण आत्याला माप सांगितलं की ती त्याच मापाचं कापते, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. तिनं चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल, वकील कुठं बसतात?"

वकीलबाई चांगल्या होत्या. शांतपणे ऐकून म्हणाल्या, घर तुमचं, तुमच्या परवानगीनं ते राहतात, तर आधी ती परवानगी मागे घेतल्याची नोटीस पाठवू. नाही गेले तर दावा. आत्या सगळा वेळ त्यांच्या खुर्चीकडे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "बाई, तुमचा फोम मेलाय." त्यांनी फी सांगितली, आत्यानं खुर्ची करून द्यायचं कबूल केलं.

नोटीस पोस्टानं आली. पोस्टमन दारात. काका झोपलेला. आत्यानं काय केलं असेल? त्याची झोप मोडू नये म्हणून स्वतः सही करून ती घेतली आणि चहाच्या कपाखाली ठेवली, उठल्यावर दिसेल अशी! काकानं कप उचलला, नोटिशीवर ठेवला, उचलला, ठेवला. अक्षरं विरघळली. वकीलबाई फोनवर ओरडल्या ते मला लांब बसून ऐकू आलं, "अहो, नोटीस पाठवणारी तुम्ही आणि घेणारीही तुम्हीच? कोर्टात हसतील मला!"

दुसरी नोटीस आली तेव्हा मी काकाला हलवून जागं केलं आणि सही त्याच्याकडूनच करवली. पण त्याला चष्मा सापडेना. मग आत्या त्याच्या शेजारी बसली आणि तिनंच ती वाचून दाखवली. "'उक्त इसमानं सदर खोली...'" काका म्हणाला, "उक्त इसम म्हणजे मी का?" आत्या म्हणाली, "तूच." काका म्हणाला, "ताई, भाऊ तरी लिहायचं." ती म्हणाली, "मी सांगितलं होतं रे, त्या म्हणाल्या कायद्यात तसं नसतं." मग त्यानं तिला पुढचं वाच म्हणून सांगितलं.

वकीलबाईंची एक अट होती. दावा चालू असेपर्यंत त्याला घरातल्यासारखं वागवायचं नाही. जेवायला वाढायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, नाहीतर तो कोर्टात म्हणेल की मी कुटुंबातलाच आहे. आत्यानं मान डोलावली. त्या दिवसापासून ती वाढत नसे हे खरं. स्वयंपाक जरा जास्त करून ठेवायची आणि भिंतीला उद्देशून म्हणायची, "मी आता बाहेर चाललेय. कुणी काही खाल्लं तर मला माहीत नाही." भिंत मग आमटीला मीठ कमी आहे म्हणून सांगायची.

कोर्टात जायला आम्ही तिघंही एकाच बसनं. तिकिटं आत्यानं काढली, गुडघ्यांमुळे तिला चढवलं काकानं, खिडकीची जागा धरली काकानं. कोर्टाच्या बाकावर डबा उघडला तर त्यात तिघांचं जेवण. वकीलबाई समोरून आल्या, त्यांनी दावा लावणारीला आणि ज्याला काढायचा त्याला एकाच डब्यात जेवताना पाहिलं आणि त्या मागच्या मागे वळून निघून गेल्या. मी धावत जाऊन त्यांना आणलं.

काकानं वकील दिला नव्हता. न्यायाधीशसाहेब वयस्कर, कंटाळलेले. त्यांनी कागद चाळले आणि सरळ आत्यालाच विचारलं, "बाई, मला एक सांगा. हे तुमचे भाऊ. बारा वर्षं तुमच्या घरात. हे तुमच्या घरातलेच ना?"

ह्याचं उत्तर आम्ही घोकून घेतलं होतं. नाही, साहेब. दोन शब्द. वकीलबाईंनी ते तिच्याकडून बसस्टॉपवर, व्हरांड्यात, संडासाबाहेरच्या रांगेतसुद्धा म्हणून घेतले होते. हे दोन शब्द म्हटले की खोली मिळणार, काम वाचणार. आत्या उभी राहिली आणि बोलेचना. तोंडात खिळे धरल्यासारखे ओठ मिटलेले. तिनं शपथ घेतली होती आणि ती खोटं बोलत नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. मी मागून पुटपुटले, "आत्या, बोल गं बाई!" तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायला लागलं. गेली खोली, मला वाटलं. गेलं सगळं मुसळ केरात.

तेवढ्यात काका उठला. "साहेब, तिला नका विचारू, मी सांगतो. मी घरातला नाही. मी कामाला आहे."

"कामाला? काय काम करता?"

"झोपतो."

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा तोंडावर हात ठेवून हसला. काका मात्र गंभीर. "हसू नका, साहेब. हिच्याकडून गेलेला एकही सोफा मी झोपून पाहिल्याशिवाय गेलेला नाही. पाठीवर, दोन्ही कुशींवर आणि पालथा. बारा वर्षांत एक तक्रार नाही. विचारा तिला."

साहेबांनी आत्याकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले. "हे मात्र खरं आहे, साहेब. त्याच्यासारखं दुसरं कुणी झोपू शकत नाही."

"मग कामगार काम झालं की आपल्या घरी जातो," साहेब काकाला म्हणाले. "तुम्ही खोली सोडायला तयार आहात?"

"तयार आहे."

"कधी?"

काकानं आत्याच्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं. "उद्या," तो म्हणाला.

साहेबांना केवढं कौतुक वाटलं त्याचं! एवढा समजूतदार प्रतिवादी आपण पाहिला नाही, असं म्हणाले. घाई नको, म्हणून महिनाअखेरीची मुदत दिली आणि दोघांच्या संमतीनं हुकूम झाला. मी काकाकडे बघत राहिले. बारा वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच पूर्ण जागा पाहत होते. त्यानं काय केलं ते मला कळलं होतं, आणि मला त्याच्यावर चिडताही येईना. माझी फार पंचाईत झाली.

खटला आत्या जिंकली, पण येताना बसमध्ये तिचा नुसता जाळ झाला होता. "घरातला नाही म्हणालास? चारचौघांत? मी मेलेय का?"

"तुला खोली हवी होती ना, ताई?"

"खोली हवी होती! असलं बोलायला कुणी सांगितलं होतं?" आणि उतरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. उतरताना त्यानं दिलेला हात मात्र धरला.

मुदत संपली. काका आहे तिथंच! रोज म्हणे, "उद्या." संमती दिली म्हणून माणूस थोडाच बदलतो? शेवटी वकीलबाईंनी अर्ज केला आणि कोर्टाचा बेलिफ आला, बगलेत फाईल, चेहऱ्यावर सरकार. "कुणाला काढायचंय?" तो दारातूनच गरजला.

"हळू," आत्या म्हणाली. "झोपलाय तो."

"अहो, मी त्यालाच काढायला आलोय!"

"मग उठल्यावर काढा. मी नाही म्हणतेय का? चहा घेणार?"

बसायला जागा नव्हती, म्हणून बेलिफ व्यायामाच्या सायकलवर बसून चहा प्यायला. दुसऱ्या कपापर्यंत त्याचे पाय आपोआप फिरायला लागले होते. काका सोफ्यावरून उठला, आळस दिला. "ताई, हात ठेवायची उजवी बाजू कडक झालीय." मग त्याला सायकलवरचं सरकार दिसलं. चादर घडी केली, शर्ट गोळा केले. मशीन, टाक्या, यंत्र, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवायला त्यानं स्वतः हात लावला. बेलिफनं खोलीचा ताबा आत्याला दिला आणि काकाला दरडावून सांगितलं, "ह्यापुढे मालकिणीनं बोलावल्याशिवाय ह्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. समजलं?" काकानं मान हलवली. इस्त्रीवाल्याच्या दुकानाच्या वर मी त्याच्यासाठी खोली पाहिली होती, आमच्याच गल्लीच्या टोकाला. ह्या वेळी आत्याकडून वचन घेतलं होतं की ती गादी बघायला जाणार नाही. गेली नाहीच. आदल्या दिवशी नवी गादी भरून हमालाकरवी आधीच पोचती केली होती, हे मला नंतर कळलं.

खोलीत काम सुरू झालं. काय सांगू, उजेड असा की दोरा ओवायला चष्मा नको! आत्या बसल्या बसल्या ठोकायची, गुडघ्यांना आराम, मी खुश. आणि मग पहिला सोफा परत आला. झोपलं की टोचतं, म्हणे. मी झोपून पाहिलं, मला काही टोचलं नाही. आत्यानं पाहिलं, तिला सगळंच टोचलं. मग दुसरा परत आला. तिसऱ्या तक्रारीला मी गुपचूप गल्लीच्या टोकाला गेले आणि काकाला म्हटलं, "दुपारी येत जा. कामाला. चहा मिळेल आणि रोजंदारीही."

दुसऱ्या दिवशी दुपारी टकटक झाली. दार तर सताड उघडं. आत्या हातोडी घेऊन वळली. बघते तर काका उंबरठ्याबाहेर उभा, चपला काढून, हातात घडी केलेली चादर.

"दार उघडं आहे की! वाजवतोस कसलं?"

"तू म्हटल्याशिवाय कसा येऊ? त्यांनी सांगितलंय ना."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "बघितलंस?" ती मला म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "बारा वर्षं विचारल्याशिवाय आत असायचा. माझा भाऊ गं. आता दारात उभा आहे, कुणा परक्यासारखा." मग तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणाली, "ये."

"काय?"

"ये म्हटलं ना, मेल्या, ये!" ती एवढ्या जोरात ओरडली की इस्त्रीवाला दुकानाबाहेर येऊन बघायला लागला.

काका आत आला, चादर अंथरली, डाव्या कुशीवर झाला आणि बघता बघता घोरायला लागला. अजून दोन खुर्च्या व्हायच्या होत्या, गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. आत्यानं तोंडातले खिळे एकेक करून डबीत ठेवले, हातोडी आवाज न करता खाली ठेवली आणि तो उठेपर्यंत त्या खोलीत एकही खिळा ठोकू दिला नाही.